श्रीनगर ते कन्याकुमारी गाडीने: शेवटचा मुक्काम कसा ठेवावा?

झिरोमाइल_नागपूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज. माझी इंजिनिअरिंगची रूममेट बरीच वर्षं जम्मूला नोकरीला होती, आता तिला त्रिवेंद्रमला टेक्नोपार्कमध्ये जॉब लागलाय आणि १ डिसेंबरला जॉईन व्हायचंय. गाडी तिकडेच आहे, तर ट्रान्सपोर्टने पाठवण्यापेक्षा आपणच चालवत नेऊ असं तिच्या डोक्यात आलं आणि तिने मला फोन केला. मी भाऊबीज आटपून विमानाने जम्मूला जाणार, तिथून आधी वर श्रीनगर, आणि मग एनएच ४४ धरून थेट खाली कन्याकुमारी. मध्ये आमच्या घरी नागपूरला मुक्काम आहेच, आईने आत्तापासून मेनू ठरवून ठेवलाय.

बाकीचा रूट जवळपास पक्का आहे. रामबनच्या पट्ट्यात दरडींचं बघून निघायचं, दिल्ली बायपास, ग्वाल्हेर-झाशी, पेंचचा उंचावरचा रस्ता, हैदराबाद, बंगळुरू. अडतंय ते शेवटाला. ती म्हणून राहिली की बंगळुरूहून पहाटे निघू, रात्री दहापर्यंत कन्याकुमारीत पोचू, सकाळी सूर्योदय बघू, बोटीने विवेकानंद शिळेवर जाऊन येऊ आणि दुपारी त्रिवेंद्रम. तिला फ्लॅट शोधायचाय, गॅस, सामान, सगळंच, त्यामुळे तिची घाई मला समजते. पण मला हे पटत नाहीये. एवढा सगळा देश वरून खाली बघत यायचं आणि जिथे जमीन संपते तिथे अर्धा दिवस? आणि खरं सांगू, कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघी इतके दिवस सलग एकत्र कधी राहिलोच नाही, यापुढे ती त्रिवेंद्रमला, मी नागपूरला, परत कधी जमेल सांगता येत नाही. म्हणून तो शेवटचा मुक्काम नीट व्हावा असं मनापासून वाटतं.

तर तिथे एक रात्र पुरते का दोन लागतात, शेवटचा टप्पा एका दिवसात मारावा का मध्ये थांबावं, आणि काही जण म्हणतात कन्याकुमारीपेक्षा रामेश्वरच्या पुढच्या धनुष्कोडीला शेवट करा, त्यात किती तथ्य आहे? दोघीही गाडी चालवतो, रात्रीचं ड्रायव्हिंग शक्यतो टाळतो.

सोलापूरकर_नेल्लै

ताई, मी तिरुनेलवेलीत राहते, मिस्टर पवनचक्क्यांच्या कामात आहेत त्यामुळे हा शेवटचा पट्टा आमचा रोजचाच म्हणा ना. तुमच्या मैत्रिणीला सांगा, बंगळुरू ते कन्याकुमारी साधारण ६७० किमी आहे, रस्ता चांगला आहे, एका दिवसात होतं, पण रात्री पोचलात तर या रस्त्यावरचं सगळ्यात सुंदर तेवढं अंधारात जाईल. तिरुनेलवेली सोडलं की नांगुनेरी, वळ्ळियूर, पणगुडी असं करत जाताना उजव्या हाताला डोंगरांची रांग सोबत चालते, मग पवनचक्क्या सुरू होतात, एक-दोन नाही, नजर जाईल तिथपर्यंत. आरळवायमोळीच्या खिंडीतून वारा घुसतो म्हणून मुप्पंदलला एवढं मोठं विंड फार्म उभं राहिलं, देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक आहे ते. कावळकिणरूला नागरकोविलचा फाटा उजवीकडे जातो, तुम्ही सरळ कन्याकुमारी धरायची. हे सगळं सकाळच्या उन्हात बघायला पाहिजे.

म्हणून माझं ऐका, आदल्या रात्री तिरुनेलवेलीत थांबा. मदुराईलाही थांबता येईल पण तिथून २४५ किमी राहतात, आमच्या इथून फक्त ८५. बंगळुरूहून सकाळी सहाला निघालात तर जेवायला, चहाला थांबत थांबत संध्याकाळी पोचाल. खोलीवर बॅगा टाका आणि नेल्लैअप्पर देवळाकडे या, समोर ते प्रसिद्ध इरुट्टु कडै हलव्याचं दुकान संध्याकाळीच उघडतं, थोडाच वेळ, माल संपला की बंद. गव्हाचा चीक काढून तुपात शिजवलेला हलवा, पानावर गरमगरम देतात, हातात धरवत नाही इतका गरम आणि तोंडात टाकला की घास न चावता खाली. आपल्याकडे कुरडयांना चीक काढतात तोच चीक, म्हणून मला तर पहिल्यांदा खाल्ला तेव्हा माहेरच आठवलं.

आणि मुक्कामाचं म्हणाल तर कन्याकुमारीत दोन रात्री, यात तडजोड नको. कारण सांगते. नोव्हेंबर म्हणजे इकडचा पावसाळा, ईशान्य मोसमी. आपल्याकडे दिवाळीनंतर आभाळ मोकळं असतं तसं इथे नसतं. सूर्योदयाला ढग आले तर एका सकाळीत खेळ खल्लास. दोन सकाळी हातात असल्या तर निदान एक तरी मिळायची शक्यता. बोटीचंही तेच, समुद्र खवळला की बोट बंद ठेवतात, तेव्हा तुम्ही कितीही लांबून आलेल्या असा, काही चालत नाही.

अजून एक, १६-१७ नोव्हेंबरपासून शबरीमलाचा सीझन सुरू होतो, काळी वस्त्रं घातलेले अय्यप्पा भक्त बसेस भरभरून कन्याकुमारीला येतात. गर्दी अतोनात आणि खोल्यांचे भाव वाढलेले. आत्ताच बुक करा.

घाटवाट

वरच्या ताईंनी मस्त लिहिलंय. मी दोन गोष्टी घालतो.

पहिली सेफ्टीची. धर्मपुरी ते सेलमच्या मध्ये तोप्पूरचा घाट लागतो, सेलमकडे उतरताना लांबच लांब उतार आहे, अवजड ट्रकचे ब्रेक तापतात आणि तिथे वाईट अपघात झालेत. तिथे उजेडात जा, ट्रकच्या पुढे-मागे चिकटून राहू नका, गाडी लोअर गिअरमध्ये ठेवून शांतपणे उतरा. बंगळुरूहून सहाला निघालात तर सकाळीच पार व्हाल.

दुसरी मनातली. आम्ही इकडे पुण्यात दर रविवारी सह्याद्री सह्याद्री करत हिंडतो, पण हा डोंगर शेवटी कुठे जाऊन थांबतो हे फार कमी लोक बघतात. पणगुडीजवळ उजवीकडे जो भरभक्कम पहाड दिसतो तो महेंद्रगिरी, त्याच्या पायथ्याशी इस्रोची इंजिनांच्या चाचण्यांची जागा आहे. आणि कन्याकुमारीच्या अलीकडे पोट्टैयडीला मरुत्ववाळ मलै म्हणून एक सुटा खडकाळ डोंगर आहे, त्याला पश्चिम घाटाचं शेपूट मानतात. लोक म्हणतात मारुतीराया द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथे पडला, म्हणून औषधी वनस्पतींचा डोंगर. दीड तासात आरामात वर जाता येतं, पायऱ्या, मग कातळ, वाटेत छोटी देवळं आणि गुहा. माथ्यावरून एका बाजूला पवनचक्क्या, ताडामाडाची झाडं, तळी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. मी तिथे उभा होतो तेव्हा डोक्यात एवढंच होतं की हीच रांग मागे मागे जात अनमुडी, कुद्रेमुख, आंबोली, महाबळेश्वर, कळसूबाई करत थेट तापीपर्यंत पोचते. खूप भरून आलं मला. तुम्ही तर एनएच ४४ ने येणार म्हणजे सगळं पठार तुडवत येणार, सह्याद्री तुम्हाला एकदम शेवटालाच भेटणार. सकाळी सातच्या आत चढायला लागा, नंतर कातळ तापतो. पाऊस असेल तर मात्र सोडून द्या, कातळ निसरडा होतो.

खारेवारे

मी धनुष्कोडीवाला. माझं मत स्पष्ट सांगतो, रस्ता संपणं ज्याला म्हणतात ते कन्याकुमारीत जाणवत नाही. तिथे गाव आहे, लॉज आहेत, शंखशिंपल्यांची दुकानं, पार्किंगवाले, शिट्ट्या, आणि त्या सगळ्यातून वाट काढत तुम्ही समुद्रापाशी पोचता. धनुष्कोडीला तसं नाही. रामेश्वर सोडलं की वीसेक किमी सरळ काळी पट्टी, दोन्ही बाजूंना वाळू आणि पाणी, डावीकडचा समुद्र शांत आणि उजवीकडचा खवळलेला, आणि शेवटी अरिचल मुनैला अशोकस्तंभाचा गोल, त्याच्या पुढे रस्ताच नाही. २०१७ नंतर आपली गाडी तिथपर्यंत जाते, आधी जीपने वाळूतून जावं लागायचं. वाटेत जुन्या चर्चच्या आणि स्टेशनच्या भिंती उभ्या आहेत. डिसेंबर १९६४ च्या वादळात ते गाव आणि पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी माणसांसकट गेली. तिथे गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

पांबनचा पूल ओलांडणं हाही अनुभव आहे, बाजूला १९१४ च्या जुन्या रेल्वे पुलाऐवजी एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा मधला भाग जहाजासाठी सरळ वर उचलला जातो.

पण, आणि हे मी प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या केसमध्ये मी धनुष्कोडी सुचवणार नाही. मदुराईहून ते डावीकडे १९० किमीच्या आसपास, तिथून कन्याकुमारी किनाऱ्याकिनाऱ्याने ३०० च्या वर. संध्याकाळी पोलीस सगळ्यांना परत पाठवतात त्यामुळे वेळ पाळावी लागते. दोन दिवस जास्तीचे लागतील आणि जॉयनिंगची तारीख डोक्यावर असताना ते ओढाताणीचं होईल. धनुष्कोडीला घाईत जाऊ नये. नंतर वेगळं या, त्रिवेंद्रमला मैत्रीण असणारच आहे.

झिरोमाइल_नागपूर

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, थँक यू. खारेवारे दादा, तुमचं वाचून धनुष्कोडीला जावंसं फार वाटून राहिलं, पण बरोबर आहे, ते पुढच्या वेळी. तिरुनेलवेलीचा मुक्काम मी पक्का केला, मैत्रिणीला हलव्याचा परिच्छेद पाठवला आणि ती एका मिनिटात तयार झाली. आता प्रश्न दोन रात्रींचाच आहे. ती म्हणते की दुसऱ्या दिवशी करायचं काय, शिळा बघून झाली की संपलं.

टिमटाळ्याकडचा

शिळा बघून झाली की संपलं असं आपण विदर्भातल्या माणसांनी तरी म्हणू नये, म्हणून मी हे लिहायला घेतलं.

त्या शिळेवरचं स्मारक ज्यांनी उभं केलं ते एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, जन्म १९१४. विवेकानंद डिसेंबर १८९२ मध्ये तिथे ध्यानाला बसले होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण स्मारक काही सहज झालेलं नाही. १९६३ च्या सुमारास शिळेवरून स्थानिक वाद होता, मद्रास सरकार परवानगी द्यायला तयार नव्हतं. एकनाथजी भांडत बसले नाहीत, दिल्लीत जाऊन सगळ्या पक्षांच्या खासदारांना भेटले आणि ३२३ जणांच्या सह्या मिळवल्या. पैशाचंही तसंच, सरकारं आणि मोठे देणगीदार होतेच, पण एक-एक रुपया देणारे सामान्य लोक लाखोंनी होते. माझ्या आजोबांनी तो रुपया दिला होता, त्याचं कार्ड आमच्या देव्हाऱ्याच्या खणात कितीतरी वर्षं होतं, निळसर रंगाचं, कडा झिजलेल्या. २ सप्टेंबर १९७० ला राष्ट्रपती गिरींच्या हस्ते उद्घाटन झालं. तुम्ही श्रीनगरपासून ज्या ज्या राज्यातून येणार, तिथल्या लोकांचे पैसे त्या दगडात आहेत. या रोड ट्रिपला याच्याइतका योग्य शेवट मला तरी दुसरा सुचत नाही.

तेव्हा घाईत जाऊन फोटो काढून येऊ नका. चपला काढाव्या लागतात, दुपारी ग्रॅनाईट चटके देतो, म्हणून पहिल्या बोटीच्या रांगेत लागा. बोट साधारण आठला सुरू होते. ध्यानमंडपात खाली उतरा, अंधार असतो, समोर फक्त ॐ, तिथे दोघी मिळून पंधरा-वीस मिनिटं बसा. समोर श्रीपाद मंडपम आहे, देवीच्या पावलाची खूण मानतात. मग तिथूनच तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्याकडे काचेचा पूल झालाय, ३० डिसेंबर २०२४ ला सुरू झाला, ७७ मीटर लांब. पूर्वी पुतळ्याला बोट बऱ्याचदा लागायचीच नाही, पाणी कमी किंवा लाटा जास्त, लोक लांबूनच बघून परत यायचे. पुतळा बैठकीसकट १३३ फूट, कारण त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाचे अध्याय १३३. बैठक ३८ फुटांची, कारण धर्मावरचे पहिले ३८ अध्याय. शिळेवरून मागे वळून जमिनीकडे बघायला विसरू नका, चर्चचे पांढरे मनोरे, कोळीवाड्याची रंगीत घरं आणि त्यामागे डोंगर, आपला देश समुद्राकडून बघायला मिळतो.

राहायला विवेकानंदपुरम बघा, विवेकानंद केंद्राचा मोठा परिसर आहे, १९७२ मध्ये एकनाथजींनीच केंद्र सुरू केलं. साध्या स्वच्छ खोल्या, मोर हिंडत असतात, सूर्योदयाला चालत स्वतःच्या किनाऱ्यावर जाता येतं, गावातल्या गर्दीत जायला नको. एकनाथजींची समाधी तिथेच आहे, जमलं तर आपल्या गावचं एक फूल वाहा. दोन मुलींना गाडी लावून निर्धास्त राहायला उत्तम जागा.

टोलनाका

दुसऱ्या दिवशी काय करायचं याचं माझ्याकडे उत्तर आहे: गाडी चालवायची नाही. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र याच रस्त्याने उतरलो होतो. इतके दिवस दोघं बाजूबाजूला बसलेलो, पण सगळं लक्ष रस्त्यावर, मॅपवर, डिझेलवर, पुढचा टोल, पुढचं जेवण. एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलणं झालंच नव्हतं. कन्याकुमारीला गाडी लावली आणि दुसऱ्या दिवशी अख्खा दिवस तिला हात लावला नाही. सकाळी समुद्रावरून आल्यावर गाडी आतून साफ करायला घेतली, तर दाराच्या कप्प्यात काश्मीरच्या अक्रोडांची टरफलं, सीटखाली पंजाबातल्या ढाब्याचं बडीशेपेचं पाकीट, डिकीत आग्र्याचा पेठा तसाच राहिलेला, आणि प्रत्येक वस्तू काढताना हे कुठलं, तेव्हा तू काय म्हणाला होतास, असं करत दोन तास गेले. तो माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या सकाळींपैकी एक आहे, मी हे अगदी मनापासून सांगतोय. असा रिकामा वेळ मिळाला नसता तर आम्ही नुसते पोचलो असतो.

आणि एक व्यवहाराचं सांगतो, खर्चाचा हिशोब तिरुनेलवेलीत आदल्या रात्रीच मिटवून टाका. कुणी किती डिझेल भरलं, कुणाच्या फास्टॅगमधून किती गेले, हॉटेलं, सगळं. शेवटच्या मुक्कामात पैशाचा विषय निघता कामा नये, कितीही जवळची मैत्री असली तरी.

सोलापूरकर_नेल्लै

टोलनाका भाऊ अगदी खरं बोललात. आणि ताई, मी काल कालनिर्णय उघडून बघितलं! यंदा अधिक मास आल्यामुळे दिवाळी उशिरा आहे आणि त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला येते. तुम्ही भाऊबीजेनंतर निघताय, म्हणजे थोडंसं जुळवलं तर पौर्णिमेला कन्याकुमारीत असाल. इथे चैत्री पौर्णिमेला सूर्यास्त आणि चंद्रोदय एकाच वेळी बघायला लोक लोटतात, पण पौर्णिमा कुठलीही असो, सूर्य मावळायला आणि चंद्र उगवायला साधारण एकच वेळ असते. उलट नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असल्यामुळे थेट समुद्रात बुडतो, उन्हाळ्यात तो जमिनीच्या बाजूला जातो. गांधी मंडपाच्या पुढे संगमापाशी साडेपाचच्या आत जाऊन उभ्या राहा, एकीकडे अरबी समुद्रावर सूर्य आणि मान वळवली की बंगालच्या उपसागरावर चंद्र. ढगांनी कृपा केली पाहिजे, ते आपल्या हातात नाही, पण तारीख जुळत असताना सोडू नका.

मधल्या वेळात वट्टकोट्टै किल्ला करा, सहा-सात किमीवर आहे, त्रावणकोरचा, समुद्रात घुसलेला ग्रॅनाईटचा बुरूज, गर्दी कमी. रिक्षाने जा, गाडी नको काढायला. लाल केळी आणि मट्टी केळी घ्या, ही छोटी मट्टी केळी खास याच जिल्ह्याची.

झिरोमाइल_नागपूर

ठरलं! तुमचे सगळे रिप्लाय मी तिला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवले. टोलनाका दादांचं वाचताना ती गप्पच झाली आणि मग म्हणाली दोन काय, तीन रात्री राहू. फ्लॅट शोधायचं काम तिने तिथल्या ऑफिसातल्या एका मुलीवर सोपवलंय.

प्लॅन असा, २२ ला संध्याकाळी तिरुनेलवेली, हलवा आणि हिशोब. २३ ला सकाळी उजेडात पवनचक्क्या बघत कन्याकुमारी, गाडी विवेकानंदपुरममध्ये लावून टाकायची, पहिली बोट मिळाली नाही तरी दुपारी वट्टकोट्टै. २४ ला सकाळी शिळा, संध्याकाळी संगम. २५ ला पहाटे मरुत्ववाळ मलै, पाऊस नसेल तर. २६ ला नाश्ता करून ती मला स्टेशनवर किंवा त्रिवेंद्रम एअरपोर्टवर सोडणार. नागपूरला हिमसागर एक्सप्रेस येते पण आठवड्यातून एकदाच, तिचं जमतं का बघते. टिमटाळ्याकडचे काका, फुलं नागपूरहूनच घेऊन निघणार होते पण इतके दिवस टिकायची नाहीत, तर आईने घरच्या झेंडूच्या बिया पुडीत बांधून दिल्यात, त्या तिथल्या बागेत लावायला देईन, चालेल ना?

टिमटाळ्याकडचा

चालेल काय, यापेक्षा चांगलं काय असणार. ऑफिसात जाऊन सांगा अमरावतीकडून आलोय म्हणून, नीट बोलतात.

घाटवाट

२६ ला त्रिवेंद्रमला जाताना वाटेत तक्कलैजवळ पद्मनाभपुरम राजवाडा नक्की करा, सगळं लाकडी काम, जागा तमिळनाडूत पण सांभाळतं केरळ सरकार. सोमवारी बंद असतो, तुमचा गुरुवार आहे. दोन तास ठेवा आणि त्या हिशोबाने तिकीट काढा.